वरचं अन्न कधी सुरू करावं? लेक ५ महिने १० दिवसांची, जन्म ३५व्या आठवड्यात

कांदिवलीची_आई

नमस्कार. मुलगी आज ५ महिने १० दिवसांची आहे. ३५ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मली. जन्माचं वजन २ किलो २५० ग्रॅम होतं, आता ६ किलो १०० ग्रॅम आहे. आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा दिलेलं नाही. मान छान धरते, पण मांडीवर बसवलं की कंबरेतून पुढे वाकते. पंधरा दिवसांपासून मूठ सतत तोंडात असते, लाळ खूप गळते आणि आम्ही जेवायला बसलो की आमच्या घासाकडे टक लावून बघते. रात्री एकदाच उठायची, ती आता तीन-चारदा उठते. शी-शू व्यवस्थित आहे, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात.

सासूबाईंना वाटतं की दूध आता पुरत नाही. उष्टावण सातव्या महिन्यात करायचं ठरलंय, पण तोवर डाळीचं पाणी आणि नाचणी सत्त्वाची सवय लावावी असं त्या म्हणतात. काळजीपोटीच म्हणतात, त्यामुळे नुसतं "नको" न म्हणता कारण सांगता यायला हवं. पुढच्या सोमवारी माझी रजा संपते. ऑफिस लोअर परळला, सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसात मी घराबाहेर असेन. बाळ सासूबाईंकडे राहील.

ही लक्षणं पुरेशी आहेत का? लवकर जन्मल्यामुळे हिशेब बदलतो का? थांबायचं असेल तर दुधाचं कसं जमवायचं?

---

नवजात_कक्ष

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ३५ आठवडे ही आहे, तिथूनच सुरुवात करते. बाळ ४० आठवड्यांऐवजी ३५ला आलं, म्हणजे ५ आठवडे आधी. जन्मतारखेपासूनच्या वयातून हे ५ आठवडे वजा केले की दुरुस्त वय मिळतं. तुमची लेक कागदावर ५ महिने १० दिवसांची असली, तरी मान, कंबर, जीभ आणि गिळणं यांच्या दृष्टीने ती जेमतेम ४ महिने ५ दिवसांची आहे. ती पुढे वाकते त्यात काळजीचं काही नाही, ते तिच्या वयाला धरूनच आहे.

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ ६ महिने पूर्ण, म्हणजे १८० दिवस सांगतात. लवकर जन्मलेल्यांसाठी एकच एक तारीख नसते. दुरुस्त वय आणि तयारीची लक्षणं दोन्ही बघतात आणि निर्णय बाळाला तपासणारे डॉक्टर घेतात. दिल्लीत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुरुस्त वयाच्या ४थ्या महिन्यात वरचं अन्न दिलेल्या बाळांचं वर्षाअखेरीचं वजन ६व्या महिन्यात दिलेल्यांपेक्षा जास्त भरलं नाही. उलट त्यांना हॉस्पिटलात दाखल करावं लागण्याचं प्रमाण जास्त होतं. तुमची ३५ची आहे, त्यामुळे तो आकडा तिला जसाच्या तसा लागू होत नाही, पण घाईने वजन वाढत नाही एवढं त्यातून कळतं.

आता लक्षणं. खरी तयारी तीन गोष्टींत दिसते, आणि त्या तिन्ही एकाच वेळी हव्यात.

पहिली म्हणजे बसणं. कंबरेला हाताचा हलका आधार दिल्यावर धड सरळ राहिलं पाहिजे आणि मान एका बाजूला न कलंडता मिनिटभर स्थिर राहिली पाहिजे. धड वाकलं की हनुवटी छातीला टेकते, श्वासनलिकेचा मार्ग अरुंद होतो आणि घट्टसर घास चुकीच्या वाटेने जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे या अटीत सूट नाही. बाळाला उशांत खोचून किंवा बाउन्सरमध्ये रेलून बसवणं म्हणजे बसता येणं नव्हे.

दुसरी जीभ. ओठाला काही लागलं की जीभ आपोआप बाहेर ढकलते. ही जन्मजात प्रतिक्रिया साधारण ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान ओसरते, आणि इथे वय दुरुस्त धरायचं. बघायची पद्धत सोपी आहे. बाळ पोटभर प्यायलेलं आणि खुशीत असताना स्वच्छ, रिकामा, लहान चमचा खालच्या ओठावर टेकवा. तोंड उघडून वरचा ओठ चमच्यावर मिटला तर उत्तम. दर वेळी जीभच बाहेर आली तर आठवडाभराने पुन्हा बघा.

तिसरी म्हणजे डोळे, हात आणि तोंड यांचा मेळ. वस्तू बघायची, हात लांबवून पकडायची आणि नेमकी तोंडात न्यायची.

तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या गोष्टी फसव्या आहेत. मूठ चोखणं आणि लाळ ३-४ महिन्यांत सगळ्याच बाळांना येतं. बाळाला लाळ गिळता येत नाही म्हणून ती गळते, दात किंवा भुकेशी तिचा थेट संबंध नाही. घासाकडे टक लावणं हे कुतूहल आहे, याच वयात ती पंख्याकडे आणि मोबाइलकडेही तशीच बघते. रात्रीचं उठणं ४ महिन्यांच्या सुमारास झोपेची घडण बदलते म्हणून वाढतं, आणि दिवसा लक्ष इकडेतिकडे जाऊन दूध कमी प्यायलं की बाळ ते रात्री भरून काढतं. अंधाऱ्या, शांत खोलीत दिवसा दोन वेळा नीट पाजून बघा.

दूध पुरतंय की नाही हे लंगोट आणि वजन सांगतात. दिवसाला ६ किंवा जास्त ओले लंगोट म्हणजे पुरेसं. वजनाचा वेग ३ महिन्यांनंतर मंदावतो, ४ ते ६ महिन्यांत महिन्याला ४००-५०० ग्रॅमच्या आसपास असतो. सुरुवातीच्या वेगाशी तुलना करून दूध आटलं असा निष्कर्ष काढू नका. माता बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याचं वजन मांडा, तेही दुरुस्त वयावर. रेघ आपल्या वळणाने वर जात असेल तर दूध पुरतंय. सपाट झाली किंवा खाली वळली तर लगेच डॉक्टरांना दाखवा, तिथे डाळीचं पाणी हा उपाय नाही.

एक गोष्ट मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नका: लोह. बाळ लोहाचा साठा पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत भरून घेतं. लवकर आणि अडीच किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा साठा अपुरा असतो आणि ६ महिन्यांच्या बराच आधी संपतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. म्हणून अशा बाळांना २ महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत दर किलो वजनामागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम लोह थेंबांतून द्यावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. थेंब चालू आहेत का? लोह हवं म्हणून अन्न लवकर सुरू करायची गरज नाही, ती उणीव थेंबच भरतात. ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटही वर्षभर.

---

मऊभात_तूप

वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. मी खाण्याच्या बाजूने लिहिते, म्हणजे सासूबाईंना कारण सांगता येईल.

आईच्या १०० मिलि दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, शिवाय स्निग्धांश आणि रोगाशी लढणारे घटक. डाळीच्या वरच्या पाण्यात बहुतेक पाणीच असतं, डाळ तळाशी राहते. बाळाच्या पोटाची क्षमता दर किलोला ३० मिलिच्या आसपास, म्हणजे तुमच्या लेकीचं पोट १८० मिलिला भरतं. त्यात अर्धी वाटी डाळीचं पाणी गेलं की तेवढं दूध कमी जाणार. पोट भरल्यासारखं वाटतं, बाळ झोपतं, घरच्यांना बरं वाटतं आणि महिन्याअखेरी वजन अडतं. भाताच्या पेजेचंही तसंच. हे त्यांना वाटी समोर ठेवून दाखवता येतं: डाळीचं पाणी पाच मिनिटं स्थिर ठेवा, खाली काय बसतं आणि वर काय उरतं ते दिसेल.

उष्टावण आणि खाणं सुरू करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर घरात कुणालाच माघार घ्यावी लागत नाही. सातवा महिना लागतो तेव्हा ६ महिने पूर्ण झालेले असतात, म्हणजे पूर्ण दिवसांच्या मुलीसाठी विषम महिन्याची रीत आणि डॉक्टरांचा सल्ला एकाच जागी येतात. तुमच्या लेकीचं दुरुस्त वय त्या महिन्याच्या सुरुवातीला ५ पूर्ण व्हायचं असेल आणि शेवटाला ६ला टेकलेलं असेल. म्हणून मुहूर्त महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात धरा. तोवर लक्षणं दिसली नाहीत तरी समारंभ करा, घास ओठाला लावण्यापुरता. मग नववा महिनाही विषमच आहे, पण बहुधा इतकं थांबावं लागणार नाही. डॉक्टरांना न विचारता ७ महिन्यांच्या पुढे मात्र ढकलू नका. उशिराचेही तोटे आहेत: लोह आणि जस्त कमी पडतं, आणि चावून खाण्याची सवय लागायला त्रास होतो.

सुरुवात झाली की पहिल्या दिवशी सकाळी १०-११च्या सुमारास एकदाच, १ ते २ चहाचे चमचे. सकाळी अशासाठी की काही रिअॅक्शन आली तर दिवसा दिसते आणि दवाखाना उघडा असतो. अंगावर पाजून अर्धा-पाऊण तास झालेला असावा. कडकडून भुकेलेलं बाळ चमच्यावर चिडतं आणि झोपाळलेलं बाळ गिळतच नाही.

पहिला पदार्थ मऊ खिचडी. २ मोठे चमचे तांदूळ, १ मोठा चमचा मुगाची डाळ, धुऊन २० मिनिटं भिजवून, वाटीभर पाण्यात कुकरला ४-५ शिट्या. चिमूटभर हळद चालते, मीठ नाही. गरम असतानाच चमच्याच्या पाठीने गाळणीतून घोटा आणि अर्धा चहाचा चमचा तूप घाला. मिक्सरमध्ये पाणी घालून पातळ करण्याचा मोह टाळा. चमचा तिरका केल्यावर घास लगेच ओघळला नाही पाहिजे, घट्टपणाचं हेच माप. जितकं पातळ, तितकं पोटात पाणी जास्त आणि अन्न कमी.

नाचणी चांगलीच, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण सत्त्व कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवला तर चोथ्याबरोबर खनिजांचा मोठा भाग जातो. त्याऐवजी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत कडक वाळवा, मंद आचेवर किंचित भाजा, दळा आणि बारीक चाळणीने चाळा. मोड आल्यावर धान्यातला पिष्ट फोडणारा घटक जागा होतो, त्यामुळे खीर घट्ट गोळा होत नाही. साधं पीठ १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम घातलं की पुरेसं दाट होतं, मोडाच्या पिठाचे साधारण १५ ग्रॅम मावतात. तेवढ्याच वाटीत दीडपट अन्न जातं. थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग गॅसवर ठेवा आणि ५-६ मिनिटं सतत ढवळत शिजवा. गूळ-साखर वर्षभर नको.

नवा पदार्थ आला की तीन दिवस तोच, मग पुढचा. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दोनदा, दर वेळी २-३ मोठे चमचे. दुरुस्त ८ महिन्यांच्या सुमारास २५० मिलिच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला की जेवण संपलं. मोबाइल दाखवून भरवलेल्या बाळाला पोट भरल्याचं कळतच नाही.

---

पार्ले_पाळणाघर

दुधाच्या जमवाजमवीचं सांगते. या वयाचं बाळ दिवसभरात ७५०-८०० मिलि आईचं दूध पितं, म्हणजे तासाला ३० मिलि धरा. साडेअकरा तासांना ३५० मिलि. ९० मिलिचे चार डबे भरून ठेवा, एकदम १५०चा नको, उरलेलं फेकावं लागतं. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर चालत नाही.

ऑफिसात दर तीन तासांनी दूध काढा. कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असायला हवी. एचआरला सोमवारच्या आधीच लेखी विचारा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं, पण आपल्याकडे खोल्याच ३० अंशांच्या असतात, म्हणून लगेच फ्रीजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रीजमध्ये चार दिवस. घरी नेताना बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवी घ्या, लोकल रखडली तरी दूध सुरक्षित राहतं. गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा.

सासूबाईंनी वाटी-चमच्याने भरवावं. बोंडल्याच्या चोचीत दूध साठतं आणि ते नीट घासता येत नाही. आजच संध्याकाळी सुरुवात करा, सोमवारी पहिल्यांदा प्रयोग नको. पहिले दोन-तीन दिवस निम्मं सांडेल.

---

कांदिवलीची_आई

खूप आभार. सासूबाईंना वजा-बाकी करून दाखवली, त्यांना पटली. लोहाचे थेंब महिन्यापूर्वी बाटली संपल्यावर थांबले आहेत, उद्याच डॉक्टरांना विचारते. आणखी दोन शंका: उष्टावणाची खीर कशी करावी? आणि अंडं, शेंगदाणा, मासे वर्षानंतरच द्यायचे का? घरात सगळे मासे खातात.

---

मऊभात_तूप

खीर तांदळाची, बिनसाखरेची. तांदूळ मऊ शिजवून घोटा, निवल्यावर त्यात तुमचंच काढलेलं दूध घालून सरबरीत करा. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत नको. मध तर बोटाला लावूनही वर्षाच्या आत चालत नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. पाहुण्यांना हे आधीच सांगा, हौसेने चाटवणारं कुणी ना कुणी असतं. सोन्याच्या अंगठीने घास लावायचा असेल तर ती आधी साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढा, आणि खडा बसवलेली नको.

अंडं आणि शेंगदाणा वर्षभर लांबवण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. लांबवल्याने अॅलर्जी टळत नाही, शेंगदाण्याच्या बाबतीत तर वाढते. खिचडी आणि नाचणी रुळली की पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही, कुस्करून पाव चमच्यापासून. शेंगदाणा भाजून, अगदी बारीक कुटून, अर्धा चहाचा चमचा नाचणीच्या खिरीत. अख्खा दाणा ५ वर्षांपर्यंत हातात द्यायचा नाही. दोन्ही वेगवेगळ्या आठवड्यांत, सकाळी, घरात मोठं माणूस असताना. अंगावर गांधी, ओठ सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी दिसली तर लगेच दवाखाना. श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल. बाळाला तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजरे, कोरडे चट्टे) असेल तर हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून.

मासे जरूर. पापलेट किंवा ताजा बोंबील वाफवून, बोटांनी चाचपून काटे काढून, भातात कुस्करून. सुरमई आणि मोरी टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. सुकट आणि सुके बोंबील मिठामुळे नकोत.

---

नवजात_कक्ष

थेंबांबद्दल: जुनी बाटली डोळ्यांसमोर धरून तोच डोस पुन्हा सुरू करू नका. डोस वजनावर ठरतो आणि वजन वाढलंय. शिवाय दर कंपनीच्या थेंबात लोहाचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून चिठ्ठीवर थेंबांची संख्या आणि कंपनीचं नाव दोन्ही लिहून घ्या. शी काळपट होईल, ते ठीक आहे.

सासूबाई एकट्या भरवणार आहेत, म्हणून ठसका आणि गुदमरणं यांतला फरक त्यांना आधीच दाखवा. ठसक्यात बाळ खोकतं, तोंड लाल होतं, ओकारीसारखं करतं आणि आवाज येतो. तेव्हा पुढे झुकवून धरा आणि खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. गुदमरलेलं बाळ आवाज करत नाही, त्याला रडता येत नाही आणि ओठ निळे पडतात. त्याला पालथं, डोकं छातीपेक्षा खाली असं हातावर घेऊन खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आळीपाळीने, घास निघेपर्यंत. दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावायचा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) सुरू करायचा. तोही आणि हे सगळं बाहुलीवर एकदा करून घ्या, नुसतं वाचून हात वळत नाही.

पाण्याचं: खाणं सुरू होईपर्यंत उन्हाळ्यातही थेंबभर नको, दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. खाणं सुरू झालं की जेवणाबरोबर २-४ चमचे, खळखळून उकळून निववलेलं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर आधी गाळा, मग उकळा.

आणि सकाळची खिचडी थर्मासमध्ये कोमट ठेवून दुपारी भरवायची पद्धत नको. शिजलेल्या भातातले काही जिवाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट अन्नात झपाट्याने वाढतात, आपल्या दमट हवेत तर जास्तच. शिजल्यावर तासाभरात वापरायचं किंवा लहान वाटीत काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवायचं, त्याच दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून निववून द्यायचं, एकदाच. बाळाच्या उष्ट्या चमच्याने ढवळलेलं उरलं तर टाकून द्यायचं.